लालबागची वर्दळ आणि तिची मालकी

हल्ली सुटीच्या दिवशी सकाळी करी रोड किंवा चिंचपोकळी स्थानकावर उतरून लालबागच्या गल्ल्यांतून हिंडणारी तरुण मंडळी दिसतात. मसाल्याच्या दुकानांसमोर ती छायाचित्रे घेतात, चिवडा गल्लीत चार प्रकारचे चिवडे चाखतात, एखाद्या मालवणी खाणावळीत मासळीचे जेवण जेवतात आणि ‘खरी मुंबई’ पाहिल्याच्या समाधानाने घरी परततात. यात हसण्यासारखे काही नाही. शहरातील एखादी वस्ती पायी हिंडून पाहावी, तेथील माणसांच्या हातचे खावे, दुकानदाराशी दोन शब्द बोलावेत, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र अशा वर्दळीकडे निसर्गदृश्यासारखे पाहण्याची जी सवय लागते ती घातक असते. डोंगर जसा असतो तसा बाजार नसतो. बाजार कोणीतरी उभा केलेला असतो, कोणाच्या तरी श्रमांवर आणि परवडणाऱ्या भाड्यावर तो टिकलेला असतो, आणि त्यातून उत्पन्न होणारे मोल कोणाच्या तरी तिजोरीत जात असते. लालबागची वर्दळ कोणी निर्माण केली आणि तिचे मोल आज कोण वसूल करीत आहे, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने विचारला पाहिजे. कारण त्या वस्तीत ओट्यावर, फळीवर आणि पदपथावर पोट भरणाऱ्यांचे भवितव्य या प्रश्नाच्या उत्तरात गुंतलेले आहे.

बाजाराची घडण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाच्या कडेला, २०११ साली खुल्या झालेल्या उड्डाणपुलाच्या सावलीत, लालबागचा बाजार पसरला आहे. मार्च ते मे या महिन्यांत तेथील मसाल्याच्या दुकानांत उभे राहावयास जागा मिळत नाही. उपनगरांतून बायका वर्षाचा मसाला करून नेण्यासाठी येथे येतात. एकीला मालवणी मसाला हवा असतो, दुसरीला आगरी-कोळी पद्धतीचा, तिसरीला घाटावरचा काळा मसाला. मिरची पारखून घ्यावयाची, रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी. मग धणे, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र यांची यादी पुरी करावयाची. देठ खुडून घ्यावयाचे, सारे भाजून घ्यावयाचे आणि डंकावर समोर उभे राहून कुटून घ्यावयाचे. एका पिशवीभर मसाल्यामागे मिरचीचा व्यापारी, देठ खुडणाऱ्या बायका, भट्टीवरचा माणूस, डंक चालविणारा आणि ओझे वाहणारा हमाल अशी पाच-सहा माणसांची साखळी असते. यांतील कोणाचाही धंदा एकट्याने चालणारा नाही. शेजारी दुसरा आहे म्हणून पहिल्याकडे गिऱ्हाईक येते.

एका व्यवसायातील माणसे एका ठिकाणी गोळा झाली म्हणजे प्रत्येकाला शेजाऱ्याच्या अस्तित्वाचा जो लाभ होतो, त्याचे विवेचन आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात केले होते. लालबागच्या मिरची विकणाऱ्यास मार्शलचे नाव ठाऊक नसेल. परंतु ‘मला एकट्याला दुसरीकडे दुकान देऊन काय उपयोग?’ हा त्याचा प्रश्न त्याच सिद्धांताचा सारांश आहे. हीच गोष्ट चिवडा गल्लीची, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांची आणि उत्सवाच्या दिवसांत मखरे, झेंडे व पडदे विकणाऱ्यांची. एक दुकान उचलून दुसरीकडे नेता येते; पण शेजार उचलून नेता येत नाही.

या बाजाराच्या मुळाशी जागेचा लढा आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या ‘लालबागच्या राजा’च्या दर्शनासाठी आज लाखो लोक रांगा लावतात, त्या गणपतीची कथा मंडळाच्याच इतिहासात नोंदलेली आहे. १९३२ साली पेरू चाळीजवळचा उघड्यावरचा बाजार बंद झाला आणि तेथे बसणाऱ्या कोळणी व किरकोळ विक्रेते यांच्यावर उपासमारीची पाळी आली. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला. जागा मिळाली, बाजार उभा राहिला आणि १९३४ साली तेथे गणपती बसविण्यात आला. म्हणजे मुंबईतील सर्वांत प्रसिद्ध सार्वजनिक उत्सवाचा उगम विस्थापित फेरीवाल्यांच्या मागणीत आहे. आज त्याच उत्सवाला येणारा मध्यमवर्गीय भाविक परतताना फेरीवाल्यांच्या नावाने बोटे मोडतो, तेव्हा त्याला हा इतिहास कोणी सांगितलेला नसतो.

भोंगा आणि खाणावळ

बाजार उभा राहिला तो गिऱ्हाइकाच्या जोरावर, आणि गिऱ्हाईक होता गिरणी कामगार. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली, त्यानंतरच्या अर्धशतकात भायखळ्यापासून दादरपर्यंतचा टापू गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, नगर या भागांतून आलेला माणूस चाळीच्या खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राहत असे. खोली झोपण्यापुरती, बाकीचे आयुष्य रस्त्यावर. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांमुळे रस्ता चोवीस तास जागा असे. एक पाळी सुटली म्हणजे दुसरी आत शिरे, आणि या येण्याजाण्यावर चहावाला, पानवाला, भाजीवाली, न्हावी आणि कोपऱ्यावरचा इराणी यांचा संसार चाले. इराण्याच्या संगमरवरी टेबलावर एका चहावर तासभर बसून वर्तमानपत्र वाचता येत असे; सभेची पत्रके तेथे वाटली जात आणि संपाच्या वाटाघाटींची चर्चाही तेथेच होत असे. परळचे दामोदर नाट्यगृह, लालबागचे हनुमान थिएटर, भारतमाता चित्रपटगृह ही या रस्त्याचीच पुढची दालने होती.

अमेरिकेतील जेन जेकब्स यांनी १९६१ साली शहरांविषयी लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले होते की, रस्ता जिवंत राहण्यासाठी दिवसाच्या निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामांसाठी बाहेर पडणारी माणसे लागतात, आणि नव्या धंद्याला परवडतील अशा जुन्या इमारतीही लागतात. गिरणगावात या दोन्ही गोष्टी कोणत्याही नगररचनाकाराच्या योजनेविना जुळून आल्या होत्या. पहिली गोष्ट भोंग्याने दिली. दुसरी दिली ती भाडेनियंत्रणाने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. त्या कायद्याचे दुष्परिणामही झाले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, पागडीचा काळा व्यवहार वाढला. तरीही रस्त्याला लागून असलेल्या आठ-दहा फुटी गाळ्यात अल्प भांडवलाचा माणूस तीन पिढ्या टिकू शकला, हे श्रेय त्या कायद्याकडे जाते. १९९९ साली आलेल्या नव्या कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना या संरक्षणातून वगळले. लहान दुकानदाराचे संरक्षण मात्र कायम राहिले.

या अर्थव्यवस्थेचा सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला घटक म्हणजे खाणावळवाली. दहा बाय बाराच्या खोलीत ती वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधी. महिन्याचे पैसे पगार झाल्यावर मिळत. खाडे वजा होत. दाणे-डाळ-तांदूळ मात्र वाण्याकडून उधारीवर, चढ्या व्याजाने. म्हणजे कामगाराच्या पोटाला लागणारे महिनाभराचे खेळते भांडवल ही बाई पुरवीत होती, आणि तिला भांडवल पुरविणारा सावकार तिची मिळकत गिळत होता. गिरणीच्या हिशेबाच्या वहीत या खर्चाची नोंद कोठेही नव्हती. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. परंतु राष्ट्रीयीकृत बँकेचे दार या बाईसाठी उघडले ते १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खाणावळवाल्यांना संघटित केल्यानंतर. कायदा वरून येतो. त्याचा लाभ घेण्यासाठी संघटना खालून बांधावी लागते, हा धडा त्यात आहे.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि भोंगा थांबला. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पाहता लालबागचा बाजारही त्याबरोबर बसावयास हवा होता. तो बसला नाही. कामावरून गेलेला कामगार वडापावची गाडी लावून उभा राहिला, त्याची बायको टोपलीत भाजी घेऊन बसली, मुलाने मोबाइल दुरुस्तीची फळी टाकली. प्राध्यापक शरित भौमिक यांनी मुंबईतील फेरीवाल्यांचा जो अभ्यास केला त्यातही, पूर्वी गिरण्या-कारखान्यांत कायम नोकरीत असलेल्यांचा मोठा भरणा या धंद्यात आढळून आला. म्हणजे आज ज्यास ‘अतिक्रमण’ म्हटले जाते ते पुष्कळ अंशी एका उद्योगाच्या मृत्यूनंतर कामगारवर्गाने स्वतःच उभी केलेली बेकारी-निवारण योजना होती. शासनाला तिच्यासाठी एक पैसाही खर्चावा लागला नाही.

याच काळात जमिनीची कथा वेगळ्या दिशेने चालली होती. गिरणगावात गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यावा, उरलेला मालकाने घ्यावा, अशी वाटणी ठरविली होती. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? शेड, गोदामे आणि चिमण्या यांच्याखालची सारी जमीन वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या दुरुस्तीचा लाभ रोखला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निर्णय फिरविला. कामगारांना घरे देण्यासाठी २०१२ पासून सोडती निघाल्या. पण अडीच लाखांच्या तुलनेत घर मिळालेल्यांची संख्या थोडीच राहिली.

आता प्रश्न असा की, या जमिनीचा भाव चढला कशामुळे? मालकाने तेथे काही नवे उत्पादन केले म्हणून नव्हे. गिरणी तर बंदच होती. भाव चढला कारण भोवती रेल्वेची स्थानके होती, रस्ते होते, रुग्णालये व शाळा होत्या, आणि दीडशे वर्षे राबून एक गजबजलेले शहर उभे करणारी माणसे होती. रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडला आणि हेन्री जॉर्जने १८७९ साली दाखवून दिले की समाजाच्या प्रगतीमुळे जमिनीच्या मोलात होणारी वाढ मालकाने कमावलेली नसते, ती समाजाची असते. भारतात या विचाराचा एक अपुरा प्रयत्न १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यात झाला. त्यातील पळवाटांमुळे तो निष्प्रभ ठरला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो रद्दही केला. परिणामी वर्दळ निर्माण करणारा एक आणि तिचे भाडे वसूल करणारा दुसरा, ही विषमता आता कोणत्याही कायद्याच्या धाकाविना चालू आहे.

रेल्वेच्या दोन बाजू

करी रोडच्या पुलावरून पश्चिमेस उतरले म्हणजे लोअर परळचा दुसरा बाजार लागतो. गिरण्यांच्या आवारांत तेथे मॉल, कचेऱ्या, उपाहारगृहे आणि कॉफीची दुकाने थाटली आहेत. तेथेही गर्दी असते, रोजगारही आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथील रस्ता खाजगी आवाराच्या आत आहे. दारावर रखवालदार आहे. कोणी आत यावे, कोणी बसावे, कोणी विकावे हे मालक ठरवितो. तेथे साठ रुपये खिशात असलेल्या माणसाला बसावयास जागा नाही आणि पाच हजारांच्या भांडवलावर धंदा मांडू पाहणाऱ्या बाईला उभे राहावयास जागा नाही. गंमत अशी की, त्या काचेच्या इमारतींत काम करणारे कारकून, सफाई कामगार आणि रखवालदार दुपारचे जेवण बाहेरच्या पदपथावरील गाडीवर घेतात. पूर्वी खाणावळवाली जसे गिरणीचे वेतन परवडण्याजोगे करीत होती, तसेच आज पोळी-भाजीची गाडी या कचेऱ्यांचे वेतन परवडण्याजोगे करते.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड व परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मरण पावली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या, माणसांची ये-जा वाढली, आणि जिना मात्र जुनाच राहिला, हे त्या दुर्घटनेचे कारण उघड होते. बांधकामाचे परवाने देताना या माणसांनी स्थानकातून बाहेर कसे पडावे याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. तरीही महिन्याभरात रोष वळविण्यात आला तो फेरीवाल्यांकडे. त्यांना मारहाण झाली, त्यांचा माल फेकला गेला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीचा धंदा करता येणार नाही, या निर्बंधावर शिक्कामोर्तब केले. नवा पूल लष्कराकडून बांधून घ्यावा लागला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्या दुर्घटनेनंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातील छतावरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. अनिर्बंध वापराचा धोका पदपथापुरताच असतो असे मानणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

आक्षेपांचा विचार

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, हे जुन्या चाळींचे गोडवे गाणे आहे. तसे ते होता कामा नये. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्यांनी दाटीवाटीने राहावे, सामाईक संडासापुढे रांग लावावी, पावसाळ्यात छत कोसळण्याच्या भीतीने जागावे, यात काव्य नाही. तेथील रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर तो त्यांचा हक्कच आहे, आणि समाजवाद्यांनी त्या मागणीच्या पुढे असावे, मागे नव्हे. प्रश्न घराचा नाही, रस्त्याचा आहे. जुन्या इमारतीतील नोंदलेल्या भाडेकरू दुकानदाराला नव्या इमारतीत गाळा मिळतो. परंतु त्याच्या ओट्यावर बसणारी भाजीवाली, जिन्याखाली रफू करणारा, भिंतीला फळी लावून किल्ल्या बनविणारा यांची नोंद कोणत्याच कागदावर नसते. नव्या इमारतीचे खालचे चार-पाच मजले मोटारींसाठी राखले जातात, रस्त्याच्या बाजूस कोरी भिंत येते, आणि जेथे वीस दुकाने उघडत होती तेथे एक फाटक उघडते. बाजार कोणी हटविला असे म्हणता येत नाही. त्याच्याखालची जमीन तेवढी काढून घेतलेली असते.

दुसरा आक्षेप पादचाऱ्याचा. पदपथ चालण्यासाठी आहे. म्हाताऱ्या माणसाने, गर्भवती बाईने रस्त्यात उतरून मोटारींमधून का चालावे? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पदपथ पुरा अडविणाऱ्या विक्रेत्याचे समर्थन करता येत नाही, आणि त्याच्याकडून दररोज हप्ता घेऊन त्यास तेथे बसविणाऱ्यांचे तर मुळीच नाही. याच पेचातून मार्ग काढण्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा झाला. त्यापूर्वी १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात, योग्य नियमनाच्या अधीन राहून रस्त्यावर धंदा करणे हा घटनेने दिलेल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले होते. नव्या कायद्याने सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्यास हटवू नये असे सांगितले; नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद केली; प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण घालून दिले. कायदा पुरोगामी आहे. दशक उलटून गेल्यावरही मुंबईत त्याची अंमलबजावणी सर्वेक्षणांच्या घोळात आणि न्यायालयांच्या पायऱ्यांवर अडखळत राहिली, कारण अनिश्चितता टिकून राहण्यात अनेकांचा हितसंबंध आहे. ज्याच्याकडे परवाना आहे तो हप्ता देत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

अशा वेळी केवळ मोर्चे काढून भागणार नाही. कार्यकर्त्यांनी वही-पेन्सिल घेऊन आपापल्या वस्तीतील गल्ल्या पायी फिरल्या पाहिजेत आणि दुकान, ओटा, फळी, टोपली यांची मोजदाद केली पाहिजे: कोण बसते, किती वर्षांपासून, काय विकते, माल कोठून आणते, भांडवल कोणाकडून घेते, दिवसाला कोणाकोणाला किती द्यावे लागते. पुनर्विकासाचा आराखडा येतो तेव्हा या नोंदी हातात असतील तरच ‘येथे कोणी नव्हते’ या सरकारी वाक्यास उत्तर देता येईल.

या मोजदादीच्या आधारे चार मागण्या पुढे आणता येतील. प्रत्येक पुनर्विकास प्रकल्पात रस्त्यालगतचा तळमजला दुकानांसाठी राखावा. तेथे मोटारींची भिंत नको. त्यातील ठराविक भाग महापालिकेच्या मालकीचा राहून नोंदलेल्या लहान विक्रेत्यांना, त्यांत स्त्रियांना अग्रक्रमाने, मर्यादित भाड्याने मिळावा. वाढीव चटई क्षेत्राच्या मोबदल्यात विकासकाकडून मिळणाऱ्या अधिमूल्याचा वाटा त्याच प्रभागातील मंडई, पदपथ आणि स्वच्छतागृहे यांवर खर्च व्हावा; कारण ती वाढ त्या प्रभागाच्या वर्दळीने निर्माण केलेली असते. आणि पथविक्रेता समितीच्या कारभारात दर वेळी कोणत्या रस्त्यावर किती जागा, हे नकाशावर जाहीर व्हावे, म्हणजे पादचारी आणि विक्रेता यांना एकमेकांविरुद्ध उभे करता येणार नाही. यांतील एकही मागणी क्रांतीची वाट पाहावी लागेल अशी नाही. महापालिकेच्या सभागृहात आणि प्रभागाच्या पातळीवर लढता येण्याजोग्या या गोष्टी आहेत.

लालबागमध्ये १९३२ साली ज्यांचा बाजार उठला त्यांच्याजवळ ना कायदा होता, ना नगरविकासाचा आराखडा. एकत्र राहून दोन वर्षे त्यांनी जागेचा ध्यास सोडला नाही, आणि जागा मिळविली. आज त्यांच्या नातवंडांजवळ कायदा आहे. त्या कायद्याला गल्लीत आणून उभे करणारी माणसे मात्र हवी आहेत.